मुलगी ग्रॅज्युएट झाली की नाही? विचारतंय कोण, त्यावर आहे

सिन्नरच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलीने नाशिकच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. शेवटच्या सत्राचा निकाल जुलै २०२५ मध्ये ऑनलाइन लागला, पदवी प्रमाणपत्र अजून हातात नाही. बँकेच्या नोकरभरतीच्या फॉर्मवर ‘ग्रॅज्युएशनची तारीख’ विचारली आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या फॉर्मवर तिला ‘ग्रॅज्युएट’ या भागात जायला सांगतात आणि तिच्या बी.एस्सी.ला मात्र ‘अंडरग्रॅज्युएट’ म्हणतात. ओळखीतल्या एका कार्यकर्त्याकडे पदवीधर मतदारसंघाच्या नावनोंदणीबद्दल चौकशी केली, तर तो म्हणाला, ‘ही अजून चालायची नाही.’ मग मुलगी ग्रॅज्युएट आहे की नाही?

आहे. पेढे वाटले असतील तर ते योग्यच वाटलेत. पण बँक, अमेरिकेतलं विद्यापीठ आणि निवडणूक कार्यालय या तिघांनी एकच शब्द वापरून तीन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, बरीचशी परीक्षा विभागात गेली आणि आता कॉलेज रोडच्या परिसरात मुलांचे फॉर्म भरण्याआधी तपासून देतो. त्यातून एक सवय लागली आहे. हा शब्द फॉर्मवर दिसला की आधी बघायचं, इथे तारीख विचारताहेत की पायरी. ‘कधी झालात’ आणि ‘कुठल्या पायरीवर आहात’ यांची उत्तरं वेगवेगळ्या कागदावर असतात.

बँकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे शेवटची तारीख अंगावर आलेली असते आणि सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात.

तुमच्या मुलीच्या पदवीला चार तारखा चिकटलेल्या आहेत. गुणपत्रकाच्या माथ्यावर परीक्षेचा महिना असतो, समजा एप्रिल २०२५. खाली निकाल जाहीर झाल्याची तारीख असते, ती जुलैमधली. मग ते गुणपत्रक कॉलेजच्या खिडकीवर तुमच्या हातात पडलं तो दिवस. आणि शेवटी पदवीप्रदान समारंभानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरची तारीख. मुलं यातली कुठलीही उचलून फॉर्मवर टाकतात. बहुतेक जण परीक्षेचा महिना टाकतात, कारण तो मोठ्या अक्षरात असतो. नोकरीच्या फॉर्मला हवी असते निकालाची तारीख. परीक्षा दिली म्हणजे पदवी मिळाली असं होत नाही, आणि समारंभाची वाट बघत बसायचीही गरज नसते.

बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था हे स्पष्टच लिहिते. गुणपत्रकावर किंवा तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर जी तारीख आहे ती पास झाल्याची तारीख. निकाल फक्त संकेतस्थळावर लागला असेल, तर ती तारीख नमूद केलेलं, विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या अधिकाऱ्याने सही केलेलं पत्र लागतं. मोबाइलमधला स्क्रीनशॉट किंवा सायबर कॅफेतली प्रिंट पडताळणीच्या टेबलावर चालत नाही. म्हणून तुम्ही आजच कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देऊन निकालाच्या तारखेचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पत्र चार ओळींचं असतं, पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी मागायला गेलात तर सही करणारे साहेब नेमके रजेवर असतात.

टक्केवारीचंही तिथेच बघून घ्या. ५९.९९ म्हणजे ६० धरायचे नाहीत, ही सूचना आयबीपीएसच्या जाहिरातीत असते. गुणांऐवजी सीजीपीए, म्हणजे सरासरी श्रेणी, असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढून त्याचाही कागद जवळ ठेवायचा.

स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची जी परीक्षा आहे, तिच्या जाहिरातीत तर आणखी कडक वाक्य आहे. ठरलेल्या दिवसापर्यंत निकाल जाहीर झालेला असला पाहिजे, विद्यापीठात निकालाचं काम चालू होतं हे कारण धरलं जाणार नाही. म्हणजे शेवटचा पेपर मे महिन्यात दिला, पेपर तपासूनही झाले, पण निकाल कट-ऑफच्या दुसऱ्या दिवशी लागला, तर त्या भरतीपुरते तुम्ही पदवीधर नाही. उलट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत शेवटच्या वर्षाच्या मुलांना पूर्वपरीक्षेला बसता येतं, पुरावा मुख्य परीक्षेच्या अर्जाबरोबर मागतात. दोन्ही जाहिराती ‘पदवीधर’च म्हणतात. म्हणून जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद मुलीने स्वतः वाचावा. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला सारांश पुरत नाही.

आता एटीकेटीबद्दल, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याबद्दल, दोन शब्द, कारण तुमच्या मुलीला ही अडचण नसली तरी हे उत्तर वाचणाऱ्या दहातल्या दोघांना असेल. ‘मी फायनल इयर पास आहे’ असं मुलगा छाती ठोकून सांगतो. गुणपत्रकं ओळीने मांडायला सांगितली की तिसऱ्या सत्राचा गणिताचा एक पेपर राहिलेला निघतो. शेवटच्या वर्षाचे सगळे विषय सुटले, तरी मागचा विषय बाकी आहे तोवर पदवी नाही. तो विषय पुढच्या हिवाळी परीक्षेत सुटला, तर पदवीची तारीख त्या निकालाची, आधीची नव्हे. मुलं वर्गमित्रांबरोबरचं ‘पासआउट इयर’ लिहितात, कागद दुसरं वर्ष सांगतो, आणि पडताळणीत ती खोटी माहिती ठरते. चुकून लिहिलं की मुद्दाम, हे तिथे कुणी विचारत बसत नाही.

पदवी प्रमाणपत्र हातात नाही याची काळजी तुम्ही करता आहात, ती निम्मीच खरी आहे. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांच्या आत विद्यापीठाने पदवी द्यावी, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २००८ चा विनियम आहे. तोवरचा पूल म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र असतं आणि बहुतेक ठिकाणी ते चालतं. फक्त एक करा. पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज आणि शुल्क भरावं लागतं, ते आपोआप घरी येत नाही. विद्यापीठाची सूचना आली की मुदतीत अर्ज करा. कितीतरी जणांना दहा वर्षांनी परदेशी जाताना कळतं की आपण पदवी कधी मागितलीच नव्हती.

नाशिककरांसाठी विद्यापीठाच्या नावाचंही एक त्रांगडं आहे. इथली कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं तेव्हा तिकडे गेली, आणि २०१४ मध्ये त्या विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. फॉर्मच्या यादीत आजचं नाव निवडायचं, पण जिथे हाताने लिहायचं असतं तिथे प्रमाणपत्रावर छापलंय तेच लिहायचं. बापाची पदवी ‘पुणे विद्यापीठ’, मुलीची ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, दोन्ही बरोबर.

अमेरिकेचं कोडं सोपं आहे, पण डोक्यात एकदा पक्कं बसवावं लागतं. तिथे ‘ग्रॅज्युएट’ ही पायरी आहे. बी.एस्सी.चं शिक्षण म्हणजे अंडरग्रॅज्युएट, त्याच्या वरचं एम.एस., पीएच.डी. म्हणजे ग्रॅज्युएट. आपण ज्याला पोस्ट ग्रॅज्युएशन म्हणतो ते तिकडचं ग्रॅज्युएट स्कूल. जीआरई या परीक्षेच्या नावातला ग्रॅज्युएटही तोच. तेव्हा एम.एस.साठी अर्ज करताना मुलगी ‘ग्रॅज्युएट’ भागातच जाईल, आणि ‘अंडरग्रॅज्युएट संस्था’ असं विचारलं की आपल्या कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव देईल. यात कुणी तिची पदवी खाली ओढत नाही. शिवाय अमेरिकेत बारावी झालेला मुलगाही ‘हायस्कूल ग्रॅज्युएट’ असतो, त्यामुळे ‘हायस्कूल ग्रॅज्युएशनचं वर्ष’ असा रकाना आला तर बारावीचं वर्ष लिहायचं. दहावीचं नाही आणि बी.एस्सी.चंही नाही. इंग्लंडमध्ये मात्र आपल्यासारखंच चालतं. पदवी म्हणजे अंडरग्रॅज्युएट, एम.एस्सी. म्हणजे पोस्टग्रॅज्युएट. आपण शब्द त्यांच्याकडून घेतले, सिनेमे अमेरिकेतून बघतो, गोंधळ होणारच.

तुमच्या बाबतीत याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. तिची पदवी तीन वर्षांची आहे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एम.एस.साठी चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा ठेवतात, काही तीन वर्षांची चालवतात, काही आपल्याकडची एम.एस्सी. जोडून बघतात. फी भरण्याआधी त्या-त्या विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. शब्दाच्या गोंधळात अडकून हा खरा खर्चाचा प्रश्न मागे पडतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आता एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी आणि चार वर्षांना ऑनर्स पदवी अशी रचना आली आहे. धाकटं भावंड शिकत असेल आणि परदेशाचा विचार असेल, तर चौथं वर्ष करावं की नाही हे त्याच्या बाबतीत आत्ताच ठरवा. आणि हो, एक वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला मुलगा ग्रॅज्युएट नाही. कॉलेजने दिलेल्या कागदावर विद्यापीठाचं बोधचिन्ह असलं तरी नाही.

कॅनडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण तिथे या शब्दाने लोकांचे पैसे जातात. ‘पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट’ या नावामुळे लोकांना वाटतं की पोस्ट ग्रॅज्युएट झालेल्यांनाच तो मिळतो. तसं नाही. तिथलं पात्र शिक्षण पूर्ण ‘झाल्यानंतर’ मिळणारा तो परवाना आहे. त्यासाठी अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा लागतो, डिप्लोमाही चालू शकतो, बाकीच्या अटी वेगळ्या. याच्या उलट, तिथल्या कॉलेजातलं वर्षभराचं ‘पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ आपल्याकडे ‘फॉरेनचं पीजी’ म्हणून विकलं जातं. ते पदवीनंतर करायचं प्रमाणपत्र आहे, मास्टर्स नव्हे. परत येऊन त्याच्या जोरावर प्राध्यापकी मिळेल अशा भ्रमात कुणी राहू नये. एजंटला एकच विचारायचं, ‘शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर डिग्री लिहिलेलं असतं का?’ उत्तर लांबायला लागलं की उठून यायचं.

तारखेचा मुद्दा तिकडेही आहेच. कॅनडात त्या परवान्याची १८० दिवसांची मुदत समारंभापासून मोजत नाहीत. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं लेखी कळवलं जातं तेव्हापासून ती चालू होते. इंग्लंडच्या ‘ग्रॅज्युएट रूट’ व्हिसालाही प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही, विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं सरकारला कळवलं की अर्ज करता येतो. काळ्या झग्यातला फोटो काढायला आई-बाबा येणार म्हणून अर्ज लांबवणारी मुलं मी पाहिली आहेत. फोटो नंतरही निघतो.

आता घरच्या मैदानावर येऊ. नाशिकमध्ये एकाच शहरात या शब्दाच्या इतक्या तऱ्हा सापडतात की बाहेरच्याला नवल वाटावं.

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. तिथल्या एमबीबीएसच्या मुलांचं गणित वेगळं. साडेचार वर्षांचा अभ्यास, शेवटची परीक्षा पास, घरी ‘डॉक्टर झाला’ म्हणून हारतुरे. पण पदवी मिळते ती पुढची एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर. मधल्या वर्षात तात्पुरत्या नोंदणीवर काम चालतं. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या नीट-पीजीतही इंटर्नशिप कुठल्या तारखेपर्यंत संपली पाहिजे हे दिलेलं असतं आणि काही दिवसांच्या फरकाने वर्ष जातं. बीएएमएसलाही साडेचार अधिक एक असाच हिशोब आहे. थोडक्यात, तुमच्या मुलीला निकालाची तारीख पुरते, शेजारच्या डॉक्टर होणाऱ्या मुलीला पुरत नाही.

गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ चं. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून तिथून पदवी घेतलेल्यांना लोक अजून ‘ते मुक्तवालं ग्रॅज्युएशन’ म्हणतात. मला हे बोलणं आवडत नाही. यूजीसीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची मुक्त विद्यापीठाची पदवी ही पदवीच आहे, आणि नोकरीच्या फॉर्मवर तिच्यासाठी वेगळा, खालचा रकाना नसतो. अभ्यासक्रम त्या वर्षी मान्यतेच्या यादीत होता ना, तेवढं मात्र बघायचं.

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत ‘ग्रॅज्युएट’ म्हटलं की बहुतेकदा इंजिनिअर. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ ही पदवीवाल्याची जागा, ‘डिप्लोमा ट्रेनी’ ही पॉलिटेक्निकवाल्याची. दहावीनंतर तीन वर्षं घासून डिप्लोमा केलेला मुलगा मशिनवर कितीही तरबेज असला तरी त्या जाहिरातीपुरता ग्रॅज्युएट नाही. अप्रेंटिसशिपच्या कायद्यातही ग्रॅज्युएट अप्रेंटिस आणि टेक्निशियन अप्रेंटिस असे दोन गट आहेत, आणि दोघांचं विद्यावेतन वेगळं. तुमची मुलगी बी.एस्सी. आहे, तेव्हा गुणवत्ता विभागातल्या केमिस्टच्या जागेवर तिला बघतील, ट्रेनी इंजिनिअरच्या नाही. ‘एनी ग्रॅज्युएट’ लिहिलं असेल तिथे मात्र बिनधास्त अर्ज करायचा.

जिल्हा परिषदेत आणखी निराळं. तिथे ‘पदवीधर शिक्षक’ म्हणजे सहावी ते आठवीला विषय शिकवणारा. पहिली ते पाचवीच्या एखाद्या गुरुजींनी एम.ए. केलं असलं तरी त्यांना कुणी पदवीधर शिक्षक म्हणत नाही, कारण ते पदाचं नाव आहे. बोलताना हे कळलं नाही की नातेवाइकांत उगाच रुसवेफुगवे होतात.

आणि लग्नाच्या बायोडेटात ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे काय, याचं उत्तर मी तरी द्यायच्या भानगडीत पडत नाही. इंग्रजी शाळांतून सीनियर केजीच्या पोरांना कागदी चौकोनी टोप्या घालून ‘ग्रॅज्युएशन डे’ करतात, तोही एक अर्थ आता रूढ झालाच आहे. फोटो छान येतात. रकान्यात लिहू नका म्हणजे झालं.

मुळात हा शब्द पायरीवरूनच आलाय. लॅटिनमध्ये ‘ग्रादुस’ म्हणजे पाऊल, पायरी. ‘डिग्री’चंही मूळ तेच, म्हणून तापाचीही डिग्री आणि कॉलेजचीही डिग्री. तुमची मुलगी प्रयोगशाळेत ज्या मेजरिंग सिलिंडरने आम्ल मोजत होती, त्याला ग्रॅज्युएटेड सिलिंडर म्हणतात ते त्याच्या अंगावरच्या खुणांमुळे. आपल्या जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या बी.ए. तुकडीतले. विद्यापीठच १८५७ चं. त्या काळी पदवीधर बोटावर मोजण्याइतके होते, त्यामुळे कोण पदवीधर आणि कोण नाही याबद्दल कुणाला शंका नव्हती.

राहिला मतदारसंघ. कार्यकर्ता बरोबर बोलला, पण अर्धंच बोलला. विधान परिषदेतल्या ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या, आणि संविधानाच्या कलम १७१ मध्येच अट आहे की पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असावीत. आपला नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघ पाच जिल्ह्यांचा: नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार. तीन वर्षं मोजायची ती १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापर्यंत, म्हणजे पात्रता ज्या दिवशी बघतात त्या दिवसापर्यंत, आणि मोजायला सुरुवात करायची पदवी परीक्षेचा निकाल जाहीर झाल्यापासून. पदवी प्रमाणपत्र उशिरा मिळालं म्हणून नुकसान होत नाही. मुलीचा निकाल जुलै २०२५ चा, म्हणजे तीन वर्षं जुलै २०२८ मध्ये भरतील. गेल्या वेळी मतदान ३० जानेवारी २०२३ ला झालं होतं. सहा वर्षांची मुदत धरली तर पुढचं २०२९ च्या सुरुवातीला येईल आणि त्यासाठी १ नोव्हेंबर २०२८ हा दिवस धरला जाईल. मुलगी त्यात बसते.

फक्त विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते, म्हणून तुम्ही स्वतः पदवीधर असाल आणि मागच्या वेळी मत दिलं असेल, तरी नावनोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८, पुन्हा भरावा लागेल. मुलीचा अर्ज त्याच वेळी भरा, सोबत गुणपत्रकाची किंवा पदवीची साक्षांकित प्रत जोडा. पत्ता मतदारसंघातला लागतो, शिक्षण कुठल्या विद्यापीठाचं याला महत्त्व नाही, ते भारतातलं असावं. तोवर मुलगी एम.एस.ला अमेरिकेत गेली असेल तर अर्थात हा प्रश्न उरत नाही, तुमचा स्वतःचा अर्ज तेवढा भरायचा राहतो.